दोघं एकदम बोलले तर

९ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझ्या डोंगरावर टॉवर नाही हे एका अर्थी बरंच आहे. असता तर मी आत्ता फोन केला असता, रडले असते, आणि तू म्हणाली असतीस, "आधी नाक पूस, मग बोल." पत्र लिहायला मात्र नाक पुसूनच बसावं लागतं.

सरांनी माझ्या प्रबंधाचा विषय नाकारला.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते, कारण हे तुझ्याच कमरेला लटकणाऱ्या बिनतारी सेटबद्दल आहे. तुमच्या वणवा विझवणाऱ्या टोळीकडे जे नवे सेट आलेत ना, ते तुमचं बोलणं बारीक बारीक तुकड्यांत कापून पाठवतात. त्या तुकड्याला आम्ही पॅकेट म्हणतो. मध्ये टॉवर नाही, खांब नाही, कुणी मध्यस्थ नाही. प्रत्येक सेट स्वतःचं बोलतो आणि शेजारच्याचंही पुढे ढकलतो. तू खिंडीत आणि दुसरा कुणी डोंगरापलीकडे असला, तर मधल्या तिघाचौघांच्या कमरेवरून उड्या मारत तुझा शब्द तिकडे जातो. कल्पना छान आहे. अडचण अशी, की माणसं वाढली की हे जाळं बळकट होण्याऐवजी थकतं. प्रत्येक सेटचा बहुतेक वेळ दुसऱ्यांची ओझी वाहण्यात जातो, आणि एक बोलत असला की आजूबाजूच्या सगळ्यांना गप्प बसावं लागतं. जितके सेट जास्त, तितकं प्रत्येकाच्या वाट्याला बोलणं कमी. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. सर त्याला "भिंत" म्हणतात.

पण त्या सिद्धतेच्या सुरुवातीलाच एक ओळ आहे. ऐकणारा सेट एका वेळी एकालाच ऐकू शकतो. दोघांची पॅकेटं एकदम आली तर दोन्ही वाया. ही ओळ कुणी सिद्ध केलेली नाही. ती धरून चाललेत. मी सरांना म्हटलं, ऐकणाऱ्याला दोघं, तिघं, दहा जण एकदम ऐकता आले तर भिंतीचं काय होईल, एवढंच मला शोधायचंय.

"तुझ्या आधी पुष्कळांनी त्या भिंतीवर डोकं आपटलंय," सर म्हणाले. "भिंतीला काही झालं नाही."

"मी डोकं आपटत नाहीये, सर. दार कुठे आहे ते बघतेय."

"असली वाक्यं प्रबंधात चालत नाहीत."

त्यांनी दुसरा विषय दिलाय. पाळीची शिस्त. म्हणजे सेटवर कुणी कधी बोलायचं, कुणी थांबायचं, याचे आणखी चोख नियम. तुमचे सेट सरांनीच तपासून मंजूर केलेत, आणि पाळीचा नियमही त्यांचाच. मी मान डोलावली आणि बाहेर आले. पण आत्या, मी तो विषय करणार नाही. दिवसा त्यांचं काम करीन, आणि उरलेल्या वेळात माझं.

बाबांना कळवलं तर ते म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." तूही तेच म्हणणार असशील तर म्हण, पण त्याआधी मला एक सांग. तुमची सगळी टोळी, शिवाय बाहेरून आलेल्या टोळ्या, असे सगळे एकदम डोंगरावर असता, तेव्हा सेटवर नक्की काय होतं?

तुझी,
टिटवी


२१ जानेवारी

चि. टिटवीस आशीर्वाद,

पत्र मिळालं. पिठाच्या आणि बॅटऱ्यांच्या गाडीतून आलं. त्याच थैलीत तुझ्या बापाचंही होतं. तो लिहितो, तिला समजाव. म्हणून समजावते. सरांचं ऐक, पदवी घे, मग काय भांडायचं ते भांड. समजावून झालं. आता तू विचारलंस ते.

आम्ही इथं आठ जण आहोत तोवर सेट उत्तम चालतात. आमचा उंच गडी लंब्या, तो डोंगराच्या सोंडेवर असतो, कारण त्याला तसंही सगळं वरूनच दिसतं. ड्रायव्हर गाडीपाशी, पाण्याची टाकी सांभाळत. बाकीचे जाळरेषेवर, म्हणजे गवत आणि पाला काढून जी मोकळी पट्टी करतो तिथं. आग आलीच तर तिला खायला काही मिळू नये म्हणून. आणि मौनी दरीत. हे नाव त्याला टोळीनं दिलं. तो बोलतच नाही. जेवायला बसला की दोन वेळा मान हलवतो, एकदा वाढा म्हणून आणि एकदा पुरे म्हणून. पण सेटवर त्याचा आवाज आला, की आम्ही हातातलं फावडं टाकून ऐकतो. विनाकारण तो तोंड उघडायचा नाही.

मोठा वणवा लागला की शेजारच्या टोळ्या येतात, त्यांचेही सेट हेच. मग गंमत सुरू होते. बटण दाबावं तर उत्तर येत नाही. आलं तर तुटकं. कुणाचं तरी मघाचं वाक्य आत्ता येतं. "डावीकडे सरका" असं ऐकू येतं, आणि कोण कुणाला कधी म्हणाला याचा पत्ता नाही. दोघं एकदम बोलले तर फक्त "कर्र" असा आवाज. माणसं वाढली की धीर यायला हवा. आमचा सेट माणसं वाढली की मुका होतो. तुझं गणित म्हणतं ते खरंच असावं.

यावर वरून नियम आलाय. प्रमुखानं, म्हणजे मी, नाव घेतल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. एकाचं संपलं की दुसऱ्याचं. मी मोठ्या साहेबांना म्हटलं, "वणवा पाळी धरून येत नाही." साहेब म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं. उत्तर नाही.

लहानपणी तू सगळ्यांच्या वरताण ओरडून बोलायचीस म्हणून मीच तुला टिटवी म्हणायला लागले. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. पण त्या टिटवीला पदवी घ्यायची नव्हती. तुला घ्यायचीय. सांभाळून.

आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

फेब्रुवारीत लिहिलेल्या पत्राला तुझं उत्तर नाही. रागावलीस का? बाबांनी तुला काही सांगितलं असेल. मी त्यांच्याशी वाद घातला हे खरं, पण आवाज त्यांनी आधी चढवला.

राग बाजूला ठेव आणि हे ऐक. माझं गणित सुटलं.

सेटला एकाऐवजी चार अँटेना लावल्या समज. एकच आवाज चारही अँटेनांपाशी जरा जरा वेगळा पोचतो. दोघं एकदम बोलले तर दोघांचे हे वेगळेपणाचे ठसे निरनिराळे असतात. त्यावरून दोन्ही सोडवून घेता येतात, गुंतलेले दोन धागे सोडवावेत तसे. हे माझं नाही, हे जुनंच आहे. माझं पुढचं आहे: असे सेट सगळ्या जाळ्यात असले तर काय? सर म्हणतात, "थोडा फायदा होईल, भिंत तीच." मी मांडून पाहिलं. सेटला आपल्या टप्प्यातले सगळेच्या सगळे एकदम ऐकता आले, तर भिंत नुसती सरकत नाही, तिची जातच बदलते. शेजारी जितके जास्त, तितकं तो एका दमात जास्त उचलतो. जी गर्दी अडचण होती, तीच थोडीफार कामाला येते.

खोटं बोलणार नाही, दुसरी बाजूही निघालीय. सेटला दोघं किंवा तिघंच ऐकता येत असतील तर सर बरोबर आहेत. फायदा दुप्पट, तिप्पट, आणि मग गर्दी आणखी वाढली की पुन्हा तीच भिंत. म्हणजे सगळं अडलंय ते ऐकणाऱ्याच्या ताकदीवर. बोलणाऱ्यांवर नाही. एकदम बोलणं हा गुन्हा नाहीच, आत्या. सरांच्या नियमाच्या कागदावर मी पेन्सिलीनं हे लिहूनसुद्धा ठेवलंय.

सरांना अजून दाखवलं नाही. त्यांनी मला दुसऱ्याच कामाला जुंपलंय. तुमच्या खात्यातून कसलंसं प्रकरण आलंय, सेटच्या नोंदी तपासून द्यायच्यात. नुसते आकडे आहेत, ठिकाण काढून टाकलेलं. दोन सेट एकमेकांवर आदळत राहिलेत, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी दोघंही थांबतात, दोघंही परत पाठवतात, परत आदळतात. मला तर ते माझ्या प्रबंधाचं उदाहरणच वाटलं. फार छान सापडलंय.

लिही ना. एक ओळ तरी.

तुझी,
टिटवी


१९ मार्च

चि. टिटवीस,

अक्षर माझं नाही. मी सांगतेय आणि ड्रायव्हर लिहितोय, कारण माझ्या हाताला जरा भाजलंय. काळजीचं कारण नाही. मी तुझ्यावर रागावले नव्हते.

फेब्रुवारीच्या मध्यावर दरीत वणवा लागला. मोठा होता. चार टोळ्या होत्या. वारा पश्चिमेचा होता तोवर आम्ही वरचढ होतो. मग तो फिरला. मौनी आणि एक नवा गडी दरीच्या तळाशी होते. त्याच वेळी माझा सेट कर्र कर्र करत राहिला. कोण बोलतंय कळेना. मी एकेकाचं नाव घेत गेले. कुणाचंच उत्तर आलं नाही. मग सेट कमरेला अडकवला आणि दरीकडे पळाले. वाटेत लंब्या आणि त्याचे दोघं पाणी संपलं म्हणून खाली उतरताना भेटले. त्यांना हाकलून परत वर पाठवलं. नवा गडी मिळाला. मौनी गेला.

तू ज्या नोंदी तपासतेयस त्या आमच्याच असाव्यात.

तुला वाईट वाटून घ्यायचं नाही. तुला ठाऊक नव्हतं. पण ते दोन आदळणारे सेट म्हणजे लंब्या आणि मौनी, एवढं लक्षात ठेवून पुढचं काम कर.

आत्या

(ताई झोपल्यावर मी हे खाली माझ्या मनानं लिहितोय. जरा भाजलंय म्हणाल्या, पण दोन्ही हात कोपरापर्यंत पोळलेत. नव्या गड्याला वर आणून ठेवलं आणि पुन्हा आत शिरल्या, मौनीसाठी. आम्ही तिघांनी धरून ओढून आणलं. दवाखान्यात थांबा म्हटलं तर थांबत नाहीत. तुमचं ऐकतील तर बघा. — ड्रायव्हर)


२५ मार्च

आत्या,

मी "फार छान सापडलंय" असं लिहिलं. ते वाक्य मला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

दवाखान्यात जा. मी येतेय. गाडी कधी असते ते कळव.

टिटवी


२ एप्रिल

टिटवे,

येऊ नकोस. दवाखान्यात जाऊन आले. रोज पट्ट्या बदलतात, बोटं हलतात. हे पत्र स्वतःच्या लेकीला लिहावं तितक्या मायेनं इथल्या परिचारिकेनं लिहून दिलंय, अक्षर बघ कसं मोत्यासारखं आहे.

तुझ्या वाक्याचं ओझं घेऊन बसू नकोस. तुला वेळ नाही आणि मलाही.

चौकशी बसलीय. साहेब काल फळं घेऊन आले आणि फळांखालून एक कागद काढला. त्यात लिहिलंय की मयतानं पाळी सोडून सेटवर बोलल्यामुळे संदेश निकामी झाले आणि दुर्घटना घडली. खाली माझी सही हवीय, टोळीप्रमुख म्हणून.

मी विचारलं, "मयत म्हणजे कोण?"

"तुमचा तो... मौनी म्हणता ना तुम्ही."

"नावच मौनी पडलं होतं, साहेब. त्यानं उभ्या जन्मात कुणाचं बोलणं तोडलं नाही. आणि तुम्ही म्हणता मधे बोलून घोटाळा केला."

"ताई, तो गेला. त्याला आता काय फरक पडतो? तुमच्यावर ठपका नको म्हणून तर ही वाट काढली. सही केलीत तर टोळी तुमच्याकडे राहील."

"आणि नाही केली तर?"

त्यांनी फळं जरा माझ्याकडे सरकवली.

आता ऐक. नवा गडी शेजारच्याच वॉर्डात आहे. मौनी सेटवर काय ओरडत होता ते त्यानं मला सांगितलं. आम्हाला वाचवा असं तो म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, "वारा फिरला, वरच्यांना खाली येऊ देऊ नका." वरचे म्हणजे लंब्या आणि त्याचे दोघं. लंब्या त्याच क्षणी वरून सांगत होता, "पाणी संपलं, खाली येतो." ती दोन वाक्यं हवेत एकमेकांवर आपटली आणि माझ्या हातात कर्र आलं. नवा गडी म्हणतो, मौनी बोलत राहिला, पळायचं सोडून.

सही मी करणार नाही. हात बरे असते तरी केली नसती. टोळी घ्या, घर घ्या, काय घ्यायचं ते घ्या.

ऐकलंय की समितीत तुझे सर तज्ज्ञ म्हणून आहेत. तू यात पडू नकोस. तुझी पदवी त्यांच्या हातात आहे. माझं मी बघते. हे मी तुझी आत्या म्हणून सांगतेय, विनंती नाही.

आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

तू मला समितीच्या खोलीबाहेर पाहिलंस, तोंड फिरवलंस, आणि तुझी गाडी निघून गेली. माझ्याशी बोलली असतीस तर सांगितलं असतं, की मी तिथं तुझं न ऐकता आले नव्हते. सरांनीच आकडे धरायला बरोबर नेलं होतं. नेलं नसतं तर तुझं न ऐकता आले असते, ही गोष्ट वेगळी.

तू तुझं सांगून बाहेर पडल्यावर आत काय झालं ते तुला कुणी नीट सांगणार नाही, म्हणून सांगते.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांपुढे माझ्याच हातचे तक्ते. अध्यक्षांनी सरांना विचारलं, "मयतानं पाळी पाळली असती, तर संदेश पोचला असता?"

सर म्हणाले, "तत्त्वतः, हो."

"म्हणजे चूक मयताची."

अध्यक्ष लिहायला लागले. मला वाटलं, आत्ता जर हे पेन खाली टेकलं तर ते परत उचलता यायचं नाही. मी उभी राहिले.

"सर, एक विचारू?"

"बस खाली."

"एकच. दोघं एकदम बोलले की दोघांचंही जातं, हा नियम हवेचा आहे की सेटचा?"

अध्यक्षांनी मान वर केली. "ही कोण?"

"माझी विद्यार्थिनी," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. ते सहज म्हणू शकले असते, हा प्रश्न इथं लागू नाही. ते मला महिनोन्महिने तेच म्हणत आलेत. मी बसले नाही.

"सेटचा," सर म्हणाले. "हवेत दोन्ही आवाज आले होते. हवेनं एकही गाळला नाही. सेटला ते वेगळे करता आले नाहीत म्हणून त्यानं दोन्ही टाकून दिले. न टाकणारे सेट बनवता येतात. ते कसे, हे या खोलीत माझ्यापेक्षा हिला जास्त ठाऊक आहे."

"पण हे सेट तर तुम्ही मंजूर केलेत."

"हो. मीच केलेत."

मी तेवढ्यात आणखी एक सांगून टाकलं: त्या गर्दीत पाळी पाळली असती तरी मौनीची पाळी फार उशिरा आली असती, कारण चारही टोळ्यांचे सेट एकमेकांची ओझी वाहत होते. तक्ता दाखवला. त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

बाहेर जिन्यात सर थांबले. "तू बरोबर होतीस," म्हणाले. "पण मला आधी सांगायचं होतंस."

"आधी सांगितलं होतं, सर. जानेवारीत."

त्यांनी कठड्यावर हात टेकला. मग म्हणाले, "दुसरे मार्गदर्शक बघ. मला तुझ्याकडे बघून शिकवणं जमणार नाही आता." रागानं नाही म्हणाले. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणजे पदवी लांबली. किती ते माहीत नाही. बाबा बोलत नाहीत. तूही बोलणार नसशील तर तेही एकदा लिहून कळव, म्हणजे मी वाट बघायचं सोडीन.

तुझीच,
टिटवी


८ मे

टिटवे,

हे माझं अक्षर. वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. पेन फडक्यानं हाताला बांधलंय.

त्या दिवशी तोंड फिरवलं, कारण तुला बघून मला रडू आलं असतं आणि साहेब समोर उभे होते. त्यांना तेवढं देणं मला परवडणारं नव्हतं.

अहवाल आला. मयताबद्दलचं वाक्य काढलंय. त्या जागी लिहिलंय, सेटच्या मर्यादेमुळे संदेश पोचले नाहीत. टोळीही माझ्याकडे राहिली. साहेबांनी हे सांगताना असं तोंड केलं, जणू त्यांनीच मिळवून दिलं. मी आभार मानले नाहीत.

अहवाल घेऊन मौनीच्या आईकडे गेले. दोन खोल्यांचं घर, दारात त्याचे बूट अजून तसेच. तिला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "यात तो काय म्हणाला ते लिहिलंय का?"

"नाही लिहिलं."

"मग तू सांग."

सांगितलं. वारा फिरला, वरच्यांना खाली येऊ देऊ नका. ती म्हणाली, "एवढं लांब वाक्य बोलला?" लंब्या दारातच उभा होता, आत यायचा धीर होईना. तिनंच त्याला हात धरून आत घेतलं.

तुझा बाप बोलेल. माझा भाऊ आहे, मला ठाऊक आहे. तो आधी फुगतो, मग शेजाऱ्यांना सांगत सुटतो. मार्गदर्शक शोध, बसून राहू नकोस. आणि ते चार अँटेनावाले सेट नुसते कागदावर ठेवू नकोस. बनव आणि इकडे घेऊन ये. माझी माणसं बोलतील. एकदम बोलतील. बघू तुझा सेट काय ऐकतो.

आत्या


१४ डिसेंबर

प्रिय आत्या,

डोंगरावरून उतरून आठवडा झाला, तरी कानात तुझी टोळी अजून बोलतेय. लंब्यानं चाचणीत नव्या सेटवर शिव्या दिल्या त्या माझ्या नोंदीत जशाच्या तशा आहेत. बाईंनी, म्हणजे माझ्या नव्या मार्गदर्शकांनी, त्या वाचल्या आणि फक्त म्हणाल्या, "उच्चार स्पष्ट आलेत."

निकाल तुला ठाऊक आहे. तिघं एकदम बोलले तर तिन्ही स्वच्छ. चौथा आला की तुटतं. इथवर ठीक होतं. पण काल सेट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस छापायचा मजकूर घेऊन आला. "सर्वांना एकाच वेळी ऐकणारा सेट." खाली, चाचणी घेतली म्हणून माझं नाव.

मी म्हटलं, "सर्वांना नाही. तिघांना."

"मॅडम, तीन काय, सर्व काय. आधी कुणालाच ऐकू येत नव्हतं."

"आधी निदान सगळ्यांना ठाऊक तरी होतं की ऐकू येत नाही. तुम्ही सर्व म्हणालात, तर चौथा माणूस विश्वासानं बोलेल आणि तिकडे कुणी ऐकत नसेल."

तो म्हणाला, असं लिहिलं तर वरचे लोक सेट घेणारच नाहीत, मग तुमच्या आत्यांना जुनेच वापरावे लागतील. आत्या, त्यानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं. तरी मी "तीन" असं लिहूनच कागद परत दिला. सेट आले नाहीत तर दोष मला दे. पण डोंगरावर तुला काय ऐकू येतं नि काय येत नाही हे ठाऊक असायला हवं.

आणखी एक. प्रबंधाला परीक्षक म्हणून सर बसणार आहेत. म्हणे त्यांनी मागून घेतलं. बाई विचारत होत्या, हरकत घ्यायची का. मी नको म्हटलं. त्यांना विचारू दे काय विचारायचं ते. मला उत्तरं येतात.

बाबांनी परवा शेजाऱ्यांना अँटेना म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सगळं चुकीचं सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही.

तुझी,
टिटवी


११ मार्च

टिटवे,

सेट आले. तुझ्या "तीन"सकट आले. साहेब म्हणाले, निदान खोटं तरी लिहिलं नाही. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

मी टोळीला बसवून सांगितलं. तिघांपर्यंत घाबरू नका, बोला. चौथा मात्र बोलून गप्प बसणार नाही. त्यानं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा बोलायचं आणि पाय चालू ठेवायचे. लंब्यानं विचारलं, "चौथा कोण हे आधी कसं कळणार?" म्हटलं, "नाही कळणार. म्हणून प्रत्येकानं आपण चौथे आहोत असंच समजायचं." हे तुझ्या प्रबंधात बसतं का बघ.

परवा उत्तरेच्या सोंडेला वणवा लागला. गेल्या वर्षीएवढा नाही, पण वारा तसाच दगाबाज. दुपारी तो फिरला. सेटवर लंब्या ओरडला, धूर खाली वळतोय. त्याच क्षणी नवा गडी, आता नवा राहिला नाही म्हणा, जाळरेषेवरून म्हणाला, इकडे आग रेषा ओलांडतेय. आणि ड्रायव्हर म्हणाला, टाकी हलवू का. तिघंही एकदम. टिटवे, तिघंही आले. एकावर एक, पण आले, तीन माणसं एका खोलीत बोलावीत तसे. माझा हात गेल्या वर्षीच्या सवयीनं सेट कानाशी दाबायला गेला होता. दाबायची गरज पडली नाही. तिघांना तीन उत्तरं दिली. शेजारची टोळी धरून पंधरा माणसं वर गेली होती, पंधरा खाली आली.

पाळीचा नियम अजून कुणी रद्द केलेला नाही. चौकीच्या भिंतीवर तो कागद आहे, शिक्क्यासकट, आणि गेल्या महिन्यात तपासणीला आलेला माणूस त्याखाली मी सही केली नाही म्हणून कुरकुरत गेला. कुरकुरू दे.

संध्याकाळी सगळे रांगेनं उतरत होते. तोंडं काळी, पाय दुखलेले, आणि सेटवर नुसता बाजार. एकाला भूक लागलीय, एकाचा बूट फाटलाय, लंब्या सगळ्यांत उंच म्हणून सगळ्यांत जास्त धूर मीच खाल्ला असं सांगतोय, कुणी हसतंय. मी गाडीपाशी ड्रायव्हरशेजारी बसले होते. तो म्हणाला, "ताई, गप्प करू का त्यांना? वर ऐकलं कुणी तर नियम दाखवतील."

मी म्हटलं, "बोलू दे. ऐकतेय मी."

आत्या